गुंठाभर उन्हातला हायड्रोजन

मोबाइलवर एक व्हिडिओ अधूनमधून फिरत असतो. कुणीतरी बाटलीत पाणी ओततो, बाटलीची नळी शेगडीला जोडतो आणि निळी ज्योत भुरुभुरु पेटते. जव्हार-मोखाड्यातल्या पाड्यांवर सौरपंपांची देखभाल करणं हा माझा धंदा, त्यामुळे असला व्हिडिओ आला की लोक तो मलाच दाखवतात. "दादा, ऊन आपल्याकडं रग्गड, पावसाळ्यात पाणीही रग्गड. मग हे आपल्याकडं का नाही?"

व्हिडिओ बहुतेक वेळा बनावट असतो, पण विचारणारा वेडा नसतो. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. त्यासाठी १९,७४४ कोटी रुपये ठेवले आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य जाहीर केलं. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही आपलं धोरण आणलं. पेपरात हे सगळं येतं, मोखाड्याच्या एसटी स्टँडवर वाचलंही जातं. शिवाय नुसती पूड पाण्यात टाकून उन्हात ठेवली की हायड्रोजनचे बुडबुडे येतात, हेही खोटं नाही. तशी पूड खरोखर आहे. ती काय करते आणि अजून काय करू शकत नाही, एवढंच मला सांगायचं आहे. जव्हारच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी केलं. ते पंप दुरुस्त करायला फारसं उपयोगी पडत नाही. निदान इथे तरी पडू दे.

आधी एक गोष्ट पक्की करू. पाणी हे इंधन नाही. हायड्रोजन जळून गेल्यावर जे उरतं त्यालाच पाणी म्हणतात. एक किलो हायड्रोजन जळताना साधारण ३३ युनिट ऊर्जा बाहेर टाकतो, तेव्हा पाण्यातून तो किलोभर परत काढायचा तर किमान तेवढी ऊर्जा आत घालावीच लागते. "पाण्यावर चालणारी" कुठलीही गाडी किंवा शेगडी दाखवली, की पहिला प्रश्न हा विचारायचा: ऊर्जा कुठून घातली? बॅटरीतून, कोळशातून की उन्हातून?

उन्हातून घालायचे दोन रस्ते आहेत. पहिला मला रोज दिसतो: पॅनलवर वीज करायची आणि ती पाण्यात सोडायची. कॉलेजात हॉफमनच्या व्होल्टामीटरमध्ये हा प्रयोग सगळ्यांनीच केलेला असतो. दोन नळ्या असतात, एकीत ऑक्सिजन, दुसरीत त्याच्या दुप्पट हायड्रोजन. दुसऱ्या रस्त्यात वीज, तारा, कंट्रोलर काही नाही. सेमीकंडक्टरचा, म्हणजे अर्धवाहकाचा कणच ऊन गिळतो आणि जागच्या जागी पाणी फोडतो. स्वतः मात्र खर्च होत नाही. म्हणून त्याला प्रकाश-उत्प्रेरक म्हणतात.

कणाच्या आत काय घडतं, हे समजायला आमच्याकडची एप्रिलमधली विहीर डोळ्यांसमोर आणा. विहीर खाली दरीत, पाडा वर टेकाडावर. इलेक्ट्रॉन खाली विहिरीपाशी बसलेले असतात, आणि काम करायचं तर त्यांना वर पाड्यावर जावं लागतं. मधे उभा चढ आहे, टेकायला एकही पायरी नाही. प्रकाशाचा एक कण एकाच इलेक्ट्रॉनचा एक हंडा उचलतो आणि एका दमात वर नेतो. कणात तेवढी ताकद नसेल तर हंडा जागचा हलत नाही. दोन अशक्त कणांनी मिळून उचलला, असं जवळपास होतच नाही. वर पोचलेला इलेक्ट्रॉन पाण्यातल्या हायड्रोजनला मोकळं करतो आणि खाली त्याची जी जागा रिकामी झाली, ती पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते. त्यातून ऑक्सिजन सुटतो. पण वर पोचलेला हंडा रिता करून घ्यायला कुणी उभंच नसेल, तर तो घरंगळत परत विहिरीत येतो आणि सगळी मेहनत नुसत्या उष्णतेत जाते. बहुतेक पुडींमध्ये बहुतेक हंडे असेच वाया जातात. म्हणून पुडीच्या कणांच्या अंगावर प्लॅटिनम, ऱ्होडियम अशा धातूंचे बारीक ठिपके लावतात. ते वर उभं राहून हंडा घेतात. या विषयातलं अर्धं संशोधन म्हणजे हे ठिपके कुठे आणि कसे लावायचे, याचाच शोध आहे.

चढ किती उंच हवा? पाणी फोडायला हिशेबाने १.२३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. प्रत्यक्षात गळती धरून बरेच जास्त लागतात. चढ फार कमी असेल तर पाणी फुटत नाही, आणि फार उंच असेल तर उन्हातले बहुतेक प्रकाशकण तो चढूच शकत नाहीत. सगळी अडचण या एका वाक्यात आहे, पुढचा इतिहास म्हणजे तिचाच विस्तार.

तो इतिहास सुरू होतो तो पांढऱ्या रंगापासून. अकिरा फुजिशिमा आणि टोकियो विद्यापीठातले त्यांचे गुरू केनिची होंडा यांनी १९७२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिलं की टायटॅनियम डायऑक्साइडच्या तुकड्यावर प्रकाश टाकला की पाणी फुटतं. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे बाजारातल्या पांढऱ्या ऑइलपेंटमधला आणि ॲक्रिलिकमधला पांढरा. आमच्याकडची वारली चित्रं मुळात तांदळाच्या पिठाने काढतात, पण मुंबईत फ्रेम करून विकली जातात त्यांच्यातला पांढरा पुष्कळदा हाच असतो. पुढच्याच वर्षी तेलाचं जागतिक संकट आलं आणि जगभरच्या प्रयोगशाळा या पांढऱ्या पुडीमागे लागल्या. पण तिचा चढ आहे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. तो फक्त अतिनील किरणांना झेपतो, आणि जमिनीवर पोचणाऱ्या उन्हाच्या ऊर्जेत अतिनील भाग असतो जेमतेम चार-पाच टक्के. डोळ्यांना दिसणारा प्रकाश, जो आपल्या दृष्टीने खरं ऊन, तो या पुडीच्या अंगावरून परतून जातो. म्हणून तर ती पांढरी दिसते.

मग रंगीत पूड घ्या. कॅडमियम सल्फाइड पिवळं असतं. त्याचा चढ २.४ चा, म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशातला निळा-हिरवा भाग त्याला चालतो. पण त्याला वेगळंच दुखणं आहे. इलेक्ट्रॉन वर गेल्यावर जी रिकामी जागा उरते, ती पाण्याऐवजी पुडीतलंच सल्फर ओरबाडते. पूड उन्हात स्वतःला खात सुटते आणि कॅडमियम पाण्यात उतरतं. कॅडमियम विषारी आहे, त्यामुळे हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

इथे गोष्ट पुण्यात येते. पाषाण रस्त्याजवळ पंचवटीत सी-मेट नावाची केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, इलेक्ट्रॉनिक्सला लागणाऱ्या पदार्थांवर काम करणारी. तिथे भरत काळे आणि त्यांचे सहकारी पुष्कळ वर्षं या सल्फाइडांच्या मागे होते. कोरियातल्या जिन-ऊक बेग यांच्याबरोबर त्यांनी २००६ मध्ये कॅडमियम इंडियम सल्फाइडचा एक प्रकार प्रसिद्ध केला. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे कण पाकळ्यापाकळ्यांचे दिसतात. त्यांनी निबंधाच्या मथळ्यातच त्याला झेंडूचं नाव दिलं. वैज्ञानिक निबंधांचे मथळे इतके रुक्ष असतात, की त्यात झेंडू भेटला तेव्हा मला बरं वाटलं. पाकळ्यांमुळे पृष्ठभाग वाढतो आणि पृष्ठभाग वाढला की काम वाढतं, ही त्यातली गोम.

पण एक गोष्ट पेपरवाले नेहमी गाळतात. झेंडूने फोडलं ते पाणी नव्हतं, हायड्रोजन सल्फाइड होतं. सडक्या अंड्यांचा वास येतो तोच वायू. तेलशुद्धीकरण कारखान्यांत तो ढिगाने निघतो. आज त्यातलं सल्फर काढून घेतात आणि हायड्रोजनचं पाणी होऊन जातं. पाण्याचा एक मोल फोडायला २३७ किलोज्यूल लागतात, हायड्रोजन सल्फाइडचा फोडायला सुमारे ३३. सातपट सोपं काम. शिवाय पुडीभोवती सल्फाइड भरपूर असल्याने रिकाम्या जागेला खायला तेच मिळतं, पूड टिकते. काळे यांच्या गटाने पुढे कॅडमियमच्या संयुगांचे अतिसूक्ष्म कण काचेच्या आतच वाढवून पाहिले, म्हणजे झीज आणखी कमी. मला हे काम आवडतं ते याच कारणासाठी. कारखान्यातून विषारी वायू निघतोच आहे, त्यातला वाया जाणारा हायड्रोजन उन्हाने काढून घ्या. जग बदलण्याच्या गप्पा नाहीत. हे पाड्यावर आणायचं मात्र काही कारण नाही, हेही उघड आहे.

आता पाणीच फोडणाऱ्यांकडे. टोकियो विद्यापीठातल्या काझुनारी दोमेन यांच्या गटाने स्ट्रॉन्शियम टायटॅनेट नावाच्या पुडीत थोडं ॲल्युमिनियम मिसळलं आणि धातूचे ठिपके कणाच्या नेमक्या वेगवेगळ्या बाजूंवर बसवले. २०२० मध्ये त्यांनी जाहीर केलं, की ठरावीक अतिनील प्रकाशात शंभरातले जवळपास ९६ प्रकाशकण कामी येतात. म्हणजे घरंगळणारे हंडे जवळजवळ संपलेच. पुढच्या वर्षी हीच पूड त्यांनी काचेच्या चपट्या पेट्यांत बसवली. प्रत्येक पेटी २५ सेंटिमीटर लांब-रुंद, आत पाण्याचा थर केसाएवढा पातळ. अशा १,६०० पेट्या जपानमधल्या काकिओका इथे उघड्यावर मांडल्या. एकूण क्षेत्र १०० चौरस मीटर. कित्येक महिने ती मांडणी चालली आणि उन्हातली जास्तीत जास्त ०.७६ टक्के ऊर्जा हायड्रोजनमध्ये उतरली.

एकीकडे ९६ टक्के आणि दुसरीकडे पाऊण टक्का, हे कसं? दोन्ही आकडे खरे आहेत. पुडीला अतिनीलच चालतं. चालतं तेवढं ती जवळजवळ पूर्ण वापरते. पण उन्हात ते असतंच किती! बातम्यांमध्ये यातला कुठला आकडा छापला आहे, ते पाहायची मला आता सवय लागली आहे.

शंभर चौरस मीटर म्हणजे आपला एक गुंठा. तेव्हा हिशेब आमच्याकडे आणणं सोपं आहे. सूर्यमाळच्या पठारावर एक गुंठा मोकळा माळ धरा. मार्च-एप्रिलच्या निरभ्र दिवशी चौरस मीटरला साधारण सहा युनिट ऊन पडतं, म्हणजे गुंठ्यावर ६००. जपानी मांडणीचा सर्वोत्तम आकडा लावला तर त्यातली साडेचार युनिट हायड्रोजनमध्ये जातील. वजनात १४० ग्रॅम. न दाबता साठवायचा तर हजार लिटरच्या काळ्या टाक्या पावणेदोन लागतील. त्यावर स्वयंपाक केला तर साडेतीनशे ग्रॅम सिलिंडरच्या गॅसइतकं काम होईल. १४.२ किलोचं सिलिंडर ज्या घरात चाळीस दिवस जातं, त्या घराचा एक दिवस. गुंठाभर काच, ऱ्होडियमचे ठिपके, आणि एक चूल.

त्याच गुंठ्यावर मी नेहमीची पॅनल टाकली तर वीस टक्क्यांनी १२० युनिट वीज मिळेल. विजेने पाणी फोडणाऱ्या यंत्राला, म्हणजे इलेक्ट्रोलायझरला, किलोमागे पन्नास-पंचावन्न युनिट लागतात, तेव्हा सव्वादोन किलो हायड्रोजन. सोळा पट. म्हणून आज कुणी विचारलं तर मी बेलाशक पॅनल सांगतो. आणि पाड्यावर तर हायड्रोजनही करू नका म्हणतो. ती वीज सरळ पंपाला द्या, पाणी वर चढवा, टाकीत साठवा. रात्री नळकोंडाळ्यावर ते मिळतंच. जव्हारच्या प्रगती प्रतिष्ठानसारख्या संस्थांनी पाड्यापाड्यांवर सौरऊर्जेने पाणी चढवलं आहे, त्यात वरच्या टाकीनेच बॅटरीचं काम केलं.

मग पुडीमागे लोक का लागतात? कारण इलेक्ट्रोलायझर महाग आहे, आणि त्याच्या मागेपुढे जी यंत्रं येतात तीही. पूड म्हणजे शेवटी एक लेप. काचेवर फवारायची, पाण्याचा पातळ थर सोडायचा, संपलं. गुंठ्याचा खर्च पत्र्याच्या शेडइतका खाली आला आणि काम दहा टक्क्यांवर गेलं, तर गणित फिरतं. दहा टक्के हा आकडा या क्षेत्रात बऱ्याच काळापासून उंबरठा मानला जातो. तिथवर जायची एक वाट २०२३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या झेतियान मी यांच्या गटाने दाखवली. इंडियम-गॅलियम नायट्राइडवर त्यांनी भिंगाने एकवटलेला प्रकाश टाकला आणि पाणी ७० अंशांपर्यंत तापू दिलं. प्रयोगशाळेत ९.२ टक्के, बाहेरच्या खऱ्या उन्हात ६.२. यात मला गंमत वाटली ती तापमानाची. माझ्या पॅनलना उन्हाळा मारतो. अंशाअंशाला त्यांची वीज घटते, आणि मे महिन्यात कातळावरची पॅनल हात लावू देत नाहीत. या पुडीला मात्र गरम पाणी मानवतं, कारण सुटलेले दोन वायू पुन्हा एकत्र येऊन पाणी व्हायचं प्रमाण त्या तापमानाला घटतं.

दोन वायू एकत्र सुटतात, याकडे मात्र काणाडोळा करून चालत नाही. व्होल्टामीटरमध्ये नळ्या वेगळ्या होत्या. पुडीच्या पेटीत हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकाच पाण्यातून, मिसळलेले बाहेर येतात, आणि ते नेमकं स्फोटाचं मिश्रण. काकिओकात त्यांनी गाळणाऱ्या पडद्याने हायड्रोजन वेगळा केला, आणि मुद्दाम ठिणगी टाकून मांडणी टिकते का हेही तपासलं. हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठेही पेट घेतो, दिवसा त्याची ज्योत धड दिसत नाही आणि त्याला वास नाही. सिलिंडरच्या गॅसमध्ये निदान मुद्दाम वास मिसळलेला असतो. (व्हिडिओतल्या बाटलीवाल्याने हे वाचलं असतं तर बरं झालं असतं.)

पाण्याचं काय? आमच्याकडे हा प्रश्न सगळ्यात आधी येतो, आणि यायलाच हवा. इतका पाऊस पडूनही फेब्रुवारी-मार्चपासून पाड्यांवर टँकर येतात आणि बायका रात्री विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने पाणी भरतात. मध्य वैतरणा धरण आमच्याच मोखाडा तालुक्यात, कोचाळ्याजवळ. त्यातून मुंबईला दिवसाला ४५.५ कोटी लिटर पाणी मिळतं. तेव्हा "आता पाण्याचाही गॅस करून नेणार" ही भीती कुणी बोलून दाखवली तर तिला हसू नये. पण आकडे वेगळं सांगतात. एका किलो हायड्रोजनला नऊ लिटर पाणी लागतं. आपल्या पठारावरच्या गुंठ्याला दिवसाला सव्वा लिटर. पूड दहा टक्क्यांवर गेली तरी सोळा-साडेसोळा लिटर, म्हणजे मोठा एक हंडा, आणि तेवढ्यात बारा-तेरा घरांच्या चुली. देशाचं ५० लाख टनांचं लक्ष्य घेतलं तर नुसत्या फोडायला वर्षाला साडेचार हजार कोटी लिटर पाणी लागेल. मध्य वैतरणेचा हा पुरवठा शंभर दिवसांत तेवढा भरतो. शुद्धीकरण आणि यंत्रं थंड ठेवणं धरून दुप्पट-तिप्पट करा. आकडा मोठाच आहे, पण अख्ख्या देशाचा आहे. आमची तहान हायड्रोजनमुळे लागलेली नाही. ती खडकामुळे, उतारामुळे आणि पाणी कुणासाठी अडवलं यामुळे लागलेली आहे.

हा हायड्रोजन आधी कुठे जावा, याचं उत्तर मला चुलीपेक्षा खताच्या गोणीत दिसतं. सुफलाची गोणी जव्हारच्या दुकानात येते. ती करणारी आरसीएफ कंपनी ट्रॉम्बे आणि थळला नैसर्गिक वायूपासून अमोनिया बनवते. त्या अमोनियातला हायड्रोजन वायूतूनच येतो आणि किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडून येतो. भातखाचरात टाकलेल्या मूठभर खतामागे हा धूर असतो. तिथे हायड्रोजन लागतोच, त्याला पर्याय नाही, साठवायची दगदगही कमी, आणि स्फोटक वायू हाताळणारी माणसं चोवीस तास हजर. पुडीची पहिली नोकरी तिथे असावी.

तरीही उद्या कुणी एखादी चाचणीची मांडणी घेऊन सूर्यमाळला किंवा जव्हारच्या एखाद्या माळावर आलं, तर मी त्याला परत पाठवणार नाही. जागा दाखवीन, खड्डे खणायला माणसं बघून देईन. फक्त काही गोष्टी कागदावर लिहून मागेन. जून ते सप्टेंबर इथे ढग आणि धुकं जमिनीला टेकलेलं असतं, तेव्हा ही मांडणी काय करणार? काचेवर शेवाळ चढतं, माकडं उड्या मारतात, उंदीर जे मऊ असेल ते कुरतडतात. केसाएवढ्या थरात विहिरीचं पाणी सोडलं तर क्षार किती दिवसांत साचतात? हायड्रोजन वेगळा करणारा पडदा फाटला तर नवा कुठून येतो, आणि किती आठवड्यांनी? एका पाड्यावर कंट्रोलरचा एक भाग यायची वाट पाहण्यात अख्खा उन्हाळा गेला होता. पुरवठादार फोन उचलत नव्हता आणि बायका पुन्हा दरीत उतरत होत्या. आणि शेवटची गोष्ट म्हणजे आकडा. पहिल्या दिवशीचा आकडा सगळेच सांगतात. मला तिसऱ्या पावसाळ्यानंतरचा हवा आहे, त्याच पेट्यांचा, त्याच पाण्याचा.